फुकट आलेलं समुद्रफूल

नारायणगावात समुद्र पोत्याने मिळतो. पांढरी भुकटी असते. आरओच्या पाण्यात ती विरघळवायची, पंपाने रात्रभर हलवत ठेवायची, घनता १.०२५ च्या आसपास आली की झाला समुद्र तयार. टोमॅटोच्या बाजारात आणि द्राक्षांच्या बागांत पैसा आला, बंगले उठले, आणि बंगल्यांच्या हॉलमध्ये काचेच्या टाक्या आल्या. अशा टाक्या भरून देणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. त्याची आत्या घोडेगावला राहते. तिने आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. त्याच कॉलेजात मी मराठी शिकवायचो. आत्या-भाच्याचं एकमेकांवाचून पान हलत नाही आणि समुद्रफुलांवरून एकमत होत नाही. त्यांचा वाद मी दुकानातल्या स्टुलावर बसून ऐकला. माझा कल आत्याकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. भाच्याचे मुद्दे मात्र मला अजून खोडता आलेले नाहीत.

वादाला निमित्त झालं एका बागायतदाराच्या ऑर्डरचं.

भाचा : आत्या, पार्टी मोठी आहे. सहा फुटी टाकी. नातवाला नेमो पाहिजे, आणि नेमो ज्यात लपतो ते जांभळ्या टोकांचं फूल पाहिजे. कुठलं टिकेल, एवढंच सांग.

आत्या : नेमो घे. क्लाउनफिश आता हॅचरीत वाढवतात, त्याला माझी हरकत नाही. फुलाचं तसं नाही. बाजारातली बहुतेक फुलं कुणीतरी पाण्यात उतरून खडकावरून सोलून काढलेली असतात.

भाचा : बहुतेक म्हणालीस, सगळी नाही म्हणालीस. बबल-टिप नावाची जात आहे. टाकीत रमली की मधोमध फाटते आणि एकाची दोन होतात. पुण्यातले हौशी लोक अशी पिल्लं एकमेकांना देतात. समुद्राला कुणाचा हातसुद्धा लागत नाही.

आत्या : ते खरं आहे. एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. पण तुझ्या पार्टीला ते चालेल का? त्याच्या टोकांना फुगे येतात, कधी येतही नाहीत. त्यांना फोटोतलं पाहिजे.

भाचा : फोटोतलं म्हणजे मॅग्निफिका. ते मिळतं, पण दोन-तीन महिन्यांत मान टाकतं.

आत्या : मान नाही त्याला.

खरंच नाही. मान नाही, डोकं नाही, मेंदू नाही, रक्त नाही, हाड नाही. एक मांसल खांब, खाली खडकाला धरून बसणारी चकती, वर तोंड आणि तोंडाभोवती शुंडकांच्या रांगा. आत पोकळी, पोकळीत उभे पडदे, बहुतेक जातींत सहाच्या पटीत. बाहेर पडायला दुसरी वाट नाही. ज्या तोंडाने घास घेतला त्याच तोंडाने उष्टंखरकटं बाहेर. ओहोटीला पाणी उतरलं की बटव्याची नाडी ओढावी तशी शुंडकं आत जातात आणि कातळावर उरतो एक ओला, वाळूने माखलेला गोळा. त्यावर पाय देऊन पुढे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही असेन. प्रवाळ आणि जेलीफिश ही याची भावकी. मी मराठीचा माणूस, त्यामुळे बरीच वर्षं याला शेवाळाच्या जातीचं काहीतरी समजत होतो. आत्यांनी एकदा कोळंबीचा तुकडा समोर धरून दाखवला तेव्हा समज गेला. फुलाने तो घेतला, शुंडकांनी आत सरकवला, तोंड मिटलं. झाडं असं करत नाहीत.

भाचा : गिऱ्हाईक मला हेच विचारतं, हे झाड आहे की प्राणी? मी म्हणतो, प्राणी, पण जागचा हलत नाही. लोकांना ते बरं वाटतं. पळून जाणार नाही म्हणतात.

आत्या : आणि तू त्यांचा गैरसमज तसाच ठेवतोस! हलतं ते. चकतीवर सरपटत जातं. उजेड पटला नाही, पाण्याचा ओघ पटला नाही, की रात्रीत जागा बदलतं.

भाचा : ते मला तू नको सांगूस. मंचरच्या एका टाकीत असंच सरकत सरकत वेव्हमेकरपर्यंत गेलं, पंख्यात ओढलं गेलं, त्याचा लगदा झाला. सकाळी टाकीतले सगळे मासे उताणे. विष पाण्यात पसरलं.

आत्या : विषाचं शिक्षण तुला महागात पडलं म्हणायचं. पण ते विष आलं कुठून ते ऐक. प्रत्येक शुंडकावर हजारो डंखपेशी असतात. पेशीत एक कुपी, कुपीत काटा आणि गुंडाळी करून ठेवलेला पोकळ दोरा. कुपीतला दाब वातावरणाच्या दीडशेपट. काही घासलं की झाकण उडतं आणि दोरा आतून बाहेर उलटा होत सुटतो. २००६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. काटा बाहेर पडायला ७०० नॅनोसेकंद लागले, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. त्या क्षणी काट्याला मिळणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटीहून जास्त. प्राण्यांच्या शरीरात इतकी झटपट घडणारी गोष्ट क्वचितच सापडेल. आणि आपण म्हणतो, हे जागचं हलत नाही.

भाचा : मी तर हातात धरतो. नुसतं चिकट लागतं.

आत्या : चिकट लागतं ना, तेच दोरे ते. तळहाताची कातडी जाड आहे म्हणून तुझं निभावतं. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. १९०२ साली त्यांनी समुद्रफुलाच्या शुंडकांचा अर्क कुत्र्यांना टोचला. थोडा डोस दिला तर कुत्रा सावरायचा. त्यांना वाटलं, आता याच्या अंगी प्रतिकार आला असेल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दिला, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी, आणि कुत्रा मिनिटांत गेला. शरीराने विष ओळखलं होतं, पण संरक्षणासाठी नाही. ॲनाफिलॅक्सिस हे नाव त्या प्रयोगातून आलं. पेनिसिलिन टोचण्याआधी डॉक्टर हातावर चाचणी घेतात, मधमाशी डसली की एखादा माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत निळा पडतो, हे सगळं समजलं त्याची सुरुवात समुद्रफुलापासून. रिशेला १९१३ चं नोबेल मिळालं.

भाच्याने हात पँटला पुसले. पण विषय सोडला नाही.

भाचा : बरं, हातमोजे घालतो. रंगाचं बोल. पार्टी रंगासाठी पैसे देणार आहे.

आत्या : मग रंग कुठून येतो ते पार्टीला सांग. त्या फुलाच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. बाहेर चिकटलेलं नाही, पेशीच्या पोटात. त्याचा रंग तपकिरी, सोनेरीकडे झुकणारा. शैवाल उजेडावर साखर तयार करतं आणि बरीचशी मालकाला देतं. मालक त्याला कार्बन डायऑक्साइड देतो, नायट्रोजनचा कचरा देतो, राहायला जागा देतो. क्लाउनफिश फुलात राहतो तेव्हा त्याने बाहेर टाकलेला अमोनियाही या शैवालाच्या उपयोगी पडतो. वरचा जांभळा, हिरवा, गुलाबी रंग फुलाच्या स्वतःच्या प्रथिनांचा. पण तो दिसतो तपकिरी अस्तरावर. टाकीत उजेड कमी पडला, पाणी तापलं, प्रवासात हाल झाले, की शैवाल बाहेर पडतं. मग फूल पांढरं होतं.

भाचा : पांढऱ्याला जास्त भाव येतो.

आत्या : तेच तर! उपाशी फुलाला जास्त भाव. त्याचं अन्न निघून गेलेलं असतं आणि लोक म्हणतात, काय शुभ्र आहे!

भाचा : पिवळंजर्द येतं ते तर रंगात बुडवलेलं असतं. ते मी ठेवत नाही, हे तू पण मान. प्रवाळही ठेवत नाही. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, दुकानात कायद्याचं पुस्तक आहे माझ्या.

आत्या : मानलं. पण मी म्हणते ते वेगळं आहे. तू रंग विकतोयस, आणि रंग ही त्या प्राण्याची वस्तू नाही. उजेड, पाणी, शैवाल, मासा यांचं त्या जागी जे जमलं, ते तुला रंग म्हणून दिसतं. प्राणी उचलून आणता येतो. जमलेलं उचलता येत नाही.

इथे मला वाटलं वाद संपला. पण भाच्याने काचेच्या बरणीवर बोट ठेवलं. त्याने वाचलेलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

भाचा : मग एडिंबरोची आजी? सर जॉन डॅलियल नावाच्या गृहस्थाने १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रफूल उचललं. घरी बरणीत ठेवलं. समुद्राचं पाणी बदलत राहिला. तो वारला तेव्हा ते दुसऱ्याकडे गेलं, मग तिसऱ्याकडे. बरणीतच शेकडो पिल्लं दिली त्याने. १८८७ साली मेलं तेव्हा गावातल्या वर्तमानपत्राने बातमी छापली. एकोणसाठ वर्षं, आत्या! डॅलियल गेला, आजी राहिली. कुठे एलईडी होता, कुठे स्किमर होता?

आत्या : छान उदाहरण काढलंस, पण तुझ्यावरच उलटतंय. ती ॲक्टिनिया इक्विना. तिच्या पेशींत शैवाल नसतं. लाल रंग तिचा स्वतःचा. थंड समुद्रातली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात उन्हापावसाला तोंड देणारी. तिला अधूनमधून एक शिंपल्याचा तुकडा आणि ताजं पाणी पुरायचं. तुझ्या मॅग्निफिकाला उष्ण कटिबंधातलं ऊन लागतं. आजी बरणीत टिकली म्हणून प्रत्येकाला बरणी चालेल असं थोडंच आहे?

भाचा : म्हणजे जात निवडून ठेवली तर चालेल. हेच मी म्हणतोय.

आत्या : थांब, त्याच काळातली दुसरी गोष्टही ऐक. फिलिप हेन्री गॉस. १८५० च्या दशकात त्याने काचेच्या टाक्यांवर पुस्तकं लिहिली, समुद्रफुलांची चित्रं काढली, ब्रिटनच्या समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ केला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी काचेचं घर उघडलं, त्यातही त्याचा हात होता. लोकांना वेड लागलं. घराघरात टाकी, आणि टाकी भरायला सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर झुंडी. पुढे त्याच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली वडिलांच्या आठवणी लिहिल्या. त्यात तो सांगतो की आम्ही जे कातळातले डोह पाहिले ते आता कुणालाच दिसणार नाहीत, लोकांनी ते खरवडून नेले. वडिलांनी प्रेमाने लिहिलं होतं. प्रेमानेच नुकसान झालं.

भाचा : आणि तुमच्या किनारा-सहली? मुंबईत ओहोटीला माणसं खडकांवर फिरायला नेतात ना? शंभर पाय पडले तर फुलांचं काय होतं?

या प्रश्नावर आत्या चटकन बोलल्या नाहीत. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीला अशा फेऱ्या काढतो, तिथे पाय कुठे ठेवायचा हे आधी शिकवतात, खडक उलटला तर पुन्हा तसाच ठेवायला लावतात, असं त्यांनी सांगितलं. पण पाय पडतातच, हेही त्यांनी नाकारलं नाही.

भाचा : आणि मुख्य गोष्ट बोलतच नाहीस तू. हा जुन्नर तालुका आहे. तुझा आंबेगाव तालुका शेजारी. मूळ आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली आहे, पण ते धरणाचं पाणी. समुद्राचा आणि आपला संबंध आठवडी बाजारातल्या सुकटीपुरता. माझ्या दुकानात शाळेची पोरं येतात, काचेला नाक लावून उभी राहतात. त्यांना तू काय सांगणार? मुंबईला जा म्हणून?

आत्या : संबंध सुकटीपुरता? नाणेघाट कशासाठी खोदला रे? सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल त्या घाटाने कल्याणला जायचा आणि पुढे समुद्रावर. घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण म्हणून दाखवतात तो उगाच नाही. आणि शिवनेरीचा कातळ घे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अलिबाग-मुरूडपासून रत्नागिरीच्या खाली जा, किनाऱ्याला हाच कातळ आडवा झालाय. त्याच्या भेगांत पाणी साचतं, सावली मिळते, म्हणून तिथे फुलं धरतात. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना तू ज्या दगडावर पाय ठेवतोस, समुद्रफुलाने तोच धरलाय.

भाचा : हे ऐकायला बरं वाटतं. पण पोरं काय कातळ चाटणार?

आत्या : पोरांना पंचांग येतं का?

भाचा : त्यांच्या आज्यांना येतं.

आत्या : मग झालं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला, अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराच्या आसपास. कोकणातली माणसं घड्याळ नसताना हाच हिशेब करायची, आणि थोडाफार इकडेतिकडे होऊन तो जमतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सकाळी पाच-साडेपाच आणि संध्याकाळी तसंच. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी वर जास्त चढतं तसं खाली जास्त उतरतं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो. घोडेगावच्या एसटीत बसलेला पोरगा हा हिशेब करू शकतो.

भाचा : आणि पोचल्यावर काय दिसेल? मुंबईचं सांडपाणी.

आत्या : सांडपाणीही दिसेल. आणि त्याच्यात वाळूचे कण, शिंपल्यांचे तुकडे अंगाला चिकटवून बसलेली फुलं दिसतील. अंगावरच्या बारीक गाठींनी ती हे तुकडे धरून ठेवतात, म्हणजे ऊन कमी लागतं, अंग सुकत नाही. कोळ्यांच्या जाळ्यात शंखात राहणारे खेकडे येतात, त्यांतल्या काहींच्या शंखावर फूल बसवलेलं असतं. खेकडा घर बदलतो तेव्हा काही जातींत तो फूलही नव्या शंखावर हलवतो. त्याला डंखाचं संरक्षण, फुलाला फिरतं जेवण. ए. एच. परुळेकरांनी १९६८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबईच्या समुद्रफुलांवर लेख लिहिला. हाच माणूस पुढे भारताच्या सहाव्या अंटार्क्टिका मोहिमेचा प्रमुख झाला, पण त्याआधी त्याने मुंबईच्या चिखलात वाकून फुलं पाहिली.

भाचा : ती मुंबई १९६८ ची. आता कोस्टल रोड झाला.

आत्या : झाला. त्या वेळी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरून प्रवाळाच्या अठरा वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, २०२० साली. प्रवाळ कायद्याच्या यादीत आहे म्हणून त्याची मोजणी झाली. शेजारच्या समुद्रफुलांसाठी असा खटाटोप झाल्याचं मी वाचलेलं नाही.

भाचा : मग माझ्या टाकीत ते सुरक्षित आहे की नाही?

मला हा प्रश्न जड वाटला. उत्तर देण्याऐवजी आत्या उठल्या आणि दुकानातल्या मोठ्या टाकीसमोर गेल्या. टाकीच्या मागे, पंपाच्या सावलीत, कृत्रिम खडकाच्या फटीत दोन बोटं उंचीची काही फिकट तपकिरी फुलं उभी होती. पारदर्शक खांब, लांब बारीक शुंडकं. मी त्यांना आधी पाहिलंच नव्हतं. भाच्याने बरोबर पाहिलेलं होतं. त्याच्या टेबलावर इंजेक्शनची सिरिंज होती आणि वाटीत चुन्याची निवळी.

आत्या : हे काय करतोस?

भाचा : आयप्टेशिया. कीड आहे ती. पुण्याहून कुणाच्या तरी टाकीतला खडक घेतला, त्याच्याबरोबर फुकट आली. एकाची पन्नास होतात. दुसऱ्या जिवांना डंख मारते. सगळे मारतात तिला. कुणी चुना टोचतो, कुणी लिंबाचा रस, कुणी उकळतं पाणी. बर्घिया नावाची एक समुद्री गोगलगाय हिच्यावरच जगते, ती मागवली होती एकदा. महाग पडते, आणि आयप्टेशिया संपली की उपाशी मरते.

आत्या : त्या गोगलगायीची भावंडं एक चोरीही करतात. फूल खाताना डंखाच्या कुप्या न फोडता गिळतात आणि आपल्या पाठीवरच्या टोकांत नेऊन ठेवतात, स्वतःच्या बचावासाठी. पण ते राहू दे. चुना टोचून मरते का ही?

भाचा : मरते. पण खाली चकतीचा एक कण राहिला तर आठवड्याने तिथे नवीन.

आत्या : कारण सरपटताना ती मुद्दामच चकतीचे तुकडे मागे टाकते, आणि प्रत्येक तुकड्याला शुंडकं फुटतात. तुला फूल पाहिजे होतं ना? हे बघ. दिवस-रात्र जगणारं, मागे न लागता वाढणारं, समुद्रातून एकही न काढता मिळालेलं. जगभरच्या प्रयोगशाळा हीच वाढवतात. प्रवाळ पांढरं का पडतं हे शोधायला प्रवाळावर प्रयोग करणं अवघड. ते हळू वाढतं, मरतं. हिच्या पेशींत प्रवाळासारखंच शैवाल राहतं, आणि ही काही केल्या मरत नाही. २०१५ साली हिचा पूर्ण जनुकसंच छापून आला. तू ज्याला कीड म्हणतोस त्याच्यावर लोक पीएचडी करतात.

भाचा : पीएचडीवाले गिऱ्हाईक येत नाहीत माझ्याकडे. आणि रंग कुठे आहे तिला?

आत्या : हाच तर रंग आहे! तपकिरी. तुझ्या मॅग्निफिकाच्या जांभळ्याखालीही हाच असतो. जांभळ्याच्या मागे लागून तू अस्तर मारतोयस.

भाचा गप्प झाला, पण पटलं म्हणून नाही. तो हिशेब करत होता. मी त्याला ओळखतो. त्याचे हात सिरिंजशी खेळत असतात तेव्हा तो हिशेब करत असतो.

भाचा : समजा ठेवली एका बरणीत. शाळेला काय दाखवणार?

आत्या : दोन बरण्या कर. दोन्हींत हीच फुलं, मिठाचं पाणी तेच, खाणं तेच, आर्टेमियाची पिल्लं. एक बरणी खिडकीत, एक कपाटात. काही महिन्यांत कपाटातली फिकी पडत जातील. उजेड नाही तर शैवालाचं चालत नाही. पण मरणार नाहीत, कारण तू खायला घालतोयस. मग कपाटातली खिडकीत आणून ठेव आणि खिडकीतल्या फुलांच्या बरणीतलं थोडं पाणी त्यात घाल. शैवाल परत आलं तर रंग परत येईल. नाही आलं तर का नाही आलं, हा दुसरा प्रयोग.

भाचा : आणि मिठाचा खर्च?

आत्या : तुझ्या पोत्यातून. शिवाय मिठाशिवाय जमेल असंही आहे. याच भावकीतला हायड्रा. मी कॉलेजात पोरांना पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्यात, तळ्याच्या कडेला, पानांच्या खालच्या बाजूला शोधायला लावायचे. काही सेंटिमीटरच्या आत मावतो, पण शुंडकं तीच, डंखपेशी त्याच. मघाशी ७०० नॅनोसेकंद म्हणाले, तो प्रयोग हायड्रावरच झालेला. पुण्याच्या आघारकर संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम चाललंय. आपल्याकडच्या हायड्राचं रीतसर वर्णन तिथल्या संशोधकांनी २०११ साली छापलं. आणि ज्यांच्या नावाची ती संस्था, त्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी काय केलं माहीत आहे? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते तेव्हा, १९११-१२ च्या सुमाराला, सह्याद्रीत फिरताना साताऱ्याकडच्या नदीत त्यांना जेलीफिश सापडली. गोड्या पाण्यात! तोवर लोक समजत होते की अशी जात आफ्रिकेतच असते. कलकत्त्याच्या प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेलसाहेबांनी तिला लिम्नोक्निडा इंडिका नाव दिलं. समुद्राची भावकी कृष्णेच्या खोऱ्यात पोहत होती, आणि तू म्हणतोस आपला संबंध सुकटीपुरता.

इथे मला स्वतःला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवलं नाही. आघारकर त्या वेळी नदीवर गेले ते काही जेलीफिश शोधायला गेले असतील असं वाटत नाही. पण पाण्यात बघायची सवय असलेल्या माणसाला ती दिसली. भाच्याच्या टाकीच्या मागच्या बाजूला ती तपकिरी फुलं मला दिसली नव्हती, आणि मी तिथे कितीदा बसलो असेन. माझ्या मते आत्यांच्या बाजूचं वजन इथे आहे, किनाऱ्यावर जा म्हणण्यात नाही. किनाऱ्यावर गेलेला माणूसही रंगीत तेवढंच बघून परत येऊ शकतो. मी हे बोललो तर आत्या म्हणाल्या, “सर, तुम्ही लेख लिहा, आम्ही भांडतो.”

भाचा : मला एक सांग आत्या, खरं खरं. तू बाजू घेतेस किनाऱ्याची. पण रिशेने कुत्र्यांना मारलं, परुळेकरांनी फुलं फॉर्मॅलिनमध्ये ठेवलीच असतील ना? प्रयोगशाळा वाढवतात ते बरं, आणि मी वाढवतो ते वाईट?

आत्या : परुळेकरांनी नमुना ठेवला म्हणून आज कुणीतरी त्या जागी जाऊन विचारू शकतं, ते अजून आहे का. तुझ्या गिऱ्हाइकाच्या टाकीत मेलेलं फूल कुणाला काही सांगत नाही. फरक एवढाच. वाढवण्याला माझा विरोध नाही. मी बबल-टिपला नाही म्हणाले नाही.

भाचा : म्हणजे ऑर्डर बबल-टिपची घेऊ?

आत्या : पुण्यातल्या त्या माणसाकडचं, टाकीत फाटून झालेलं असेल तर घे. आणि पार्टीला स्पष्ट सांग, हा फोटोतला रंग नाही, फुगे येतील की नाही सांगता येत नाही, आणि चांगलं वाढलं तर हे आपल्यापेक्षा जास्त जगेल. तयारी नसेल तर घेऊ नका.

भाचा : असं सांगून धंदा होतो का?

आत्या : नाही झाला तर आयप्टेशिया विक.

तो हसला. सिरिंजमध्ये चुना भरून त्याने मोठ्या टाकीतली तीन-चार फुलं टोचलीच. धंद्याच्या टाकीत ती ठेवणार नाही, या मुद्द्यावर तो हललाच नाही. पण एक फूल त्याने आधी खडकाच्या कपचीसकट बाजूला काढलं होतं, जॅमच्या बरणीत. आत्यांनी बरणी उजेडाकडे धरून पाहिली, झाकणाला हवा जायला भोक आहे का ते तपासलं, आणि विचारलं की पार्टीच्या बंगल्यावर लाइट गेली तर पंपाला इन्व्हर्टर आहे का. भाचा म्हणाला, विचारावं लागेल. “विचार,” आत्या म्हणाल्या, “आणि वेव्हमेकरला जाळी लावायला सांग. मंचरसारखं नको.”